कडी आतून लावा

चिंचवडगाव,
रविवार, १८ नोव्हेंबर १९५६

ती. आक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत.

भाऊबीजेला तू पाट मांडून दुपारपर्यंत वाट बघितलीस आणि मग ओवाळणीचं ताट तसंच झाकून ठेवलंस, हे वाचून मी ताटावरून उठलो. कळवायला हवं होतं, खरं आहे. रजा मिळाली नाही असं समज.

पिंपरीच्या कारखान्यात काम आता जोरात सुरू आहे. मला टाक्यांच्या खात्यात घेतलं. आक्का, आपल्या मारुतीच्या देवळाच्या कळसाएवढ्या उंच पोलादी टाक्या, आणि त्यांच्यात वाढवतात काय, तर बुरशी! शिळ्या भाकरीवरची तू नखानं खरवडून टाकतेस, तिच्याच जातीतली. तिला गोड पाणी द्यायचं, वारा द्यायचा, ऊब कमीजास्त होऊ द्यायची नाही. बाळंतिणीची खोली राखावी तशी राखण. तिच्यापासून जे निघतं त्याची पांढरी पूड होते आणि बाटलीत जाते. आमच्या घरमालकीण गोजाबाई, त्यांच्या पुतण्याचा पाय खिळा लागून मांडीपर्यंत सुजला होता, घरच्यांनी आशा सोडली होती. या पुडीची इंजेक्शनं दिली आणि पोरगा उठून बैलं सोडायला गेला. पहिल्यांदा टाकीच्या काचेतून आत बघितलं तेव्हा मी नकळत हात जोडले. बरोबरचे लोक हसले.

मथू आता चालते. दिवसभर गोजाबाईंकडे असते, त्यांच्या शेळीच्या मागे फिरते. फक्त हल्ली कुणी कडेवरून खाली ठेवायला लागलं की मानेला घट्ट धरते. होईल ठीक.

सुभद्रेला जरा अशक्तपणा आला आहे. पुण्याला दवाखान्यात ठेवली आहे. काळजीचं कारण नाही. भेटायला यायची घाई करू नकोस, तिथे पाहुण्यांना फार वेळ बसू देत नाहीत. तू विचारलंस की तिनं दोन ओळी का लिहिल्या नाहीत. ती सध्या लिहीत नाही.

बाकी सगळं बरं.

तुझा,
ज्योतीराम


चिंचवडगाव,
रविवार, १० फेब्रुवारी १९५७

ती. आक्का,

तुझं पत्र मिळालं. ते मी परसात उभं राहून वाचलं, कारण घरात गोजाबाई होत्या आणि त्यांना माझं तोंड दाखवायचं नव्हतं.

आपल्या आळीतला सोनबा देहूरोडच्या डेपोत आहे हे मला माहीत होतं. त्या दिवशी तो त्या गर्दीत उभा होता हे माहीत नव्हतं. संक्रांतीला गावात येऊन त्यानं पारावर सगळं सांगितलं, आणि तुला ते माझ्याऐवजी त्याच्याकडून कळलं. तू लिहितेस, "पोटची पोर वाटेवरच्या परक्या बाईच्या हातात टाकून जी दगड मारीत सुटते, ती आई कसली?" आई-दादा गेल्यावर तू मला वाढवलंस, माझ्यासाठी ही मुलगी तू स्वतः बघितलीस, म्हणून तुला दुप्पट लागलं, हे मला कळतं. आता काही लपवून ठेवत नाही. ऐक.

येरवडा. लिहिला एकदाचा शब्द. पुण्याचा दवाखाना म्हणजे येरवड्याचा. आपल्याकडे या नावानं थट्टा करतात, पोरांना भीती घालतात, म्हणून माझ्या हातून लिहिलं जात नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात मला पहिल्यांदा कळलं. गोजाबाईंना माझ्या आधी कळलं होतं. एकदा मी पाळीवरून आलो तर त्या दारात उभ्या. म्हणाल्या, "अवं ज्योतीराम, तुमी आत्ता येताय व्हय? मग ती भांडी घासताना कुनाशी बोलतीया? मला वाटलं तुमी घरातच हाय."

मग माझ्या लक्षात यायला लागलं. कारखान्याचा भोंगा झाला की सुभद्रा दोन्ही कानांवर हात ठेवायची. म्हणायची, "भोंग्यात माझं नाव घेतात." मी हसलो. ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला नाही ऐकू येणार. तुमचं नाव नाही ना त्यात."

पुढे पाण्याचा संशय आला. हंडा भरून आणायची, वास घ्यायची, ओतून द्यायची, परत जायची. केस विंचरणं सुटलं. मी काही विचारलं की माझ्या खांद्याच्या मागे बघून उत्तर द्यायची, जणू विचारणारा तिथे होता. अंगारे झाले. देवऋषी आणला, त्यानं लिंबू उतरवलं. तो उतरवत होता तेव्हा ती त्याच्याकडे अशी बघत होती, जसं आपण चुकलेल्या वाटसरूकडे बघतो.

दसरा झाल्यावरची गोष्ट. मी दिवसपाळीला होतो. निरोप आला की तुझी बायको आकुर्डीच्या अलीकडच्या रेल्वे फाटकावर आहे, पळ. मी पोचलो तर माणसांचा गराडा. फाटकवाल्याच्या खोलीचं दार आतून बंद, आतून मथूचं रडणं ऐकू येत होतं. बाहेर सुभद्रा. लुगडं कमरेपर्यंत ओलं, नदीवरून आलेली. दोन्ही मुठींनी दार बडवत होती. मुठी फुटल्या होत्या. रुळांतली खडी उचलून दारावर मारत होती आणि तोंडातून जे शब्द निघत होते ते मी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. लोक म्हणत होते, पोर टाकून दिली आणि आता फाटकवालीचा जीव घेते. मी जवळ गेलो तर तिनं मला ओळखलं नाही. चौघांनी धरली. पोलीस आले. मॅजिस्ट्रेटचा हुकूम झाला, आणि येरवडा.

फाटकवाल्याच्या बायकोनं खिडकीतून मथूला माझ्याकडे दिलं. मी तिच्याकडे नीट बघितलंही नाही. त्यानंतर मी त्या वाटेला गेलेलो नाही.

आता दवाखान्याचं. तिथे एक डॉक्टर आहेत, वयानं माझ्याएवढेच असतील. त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. मी विचारलं, आपल्यात याला काय म्हणतात? ते म्हणाले, "आपल्यात लोक एकच शब्द वापरतात, आणि तो माझ्या पेशंटसाठी मला नको आहे." मग त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "तिला आवाज ऐकू येतात हे खोटं नाही. तुम्ही माझं बोलणं ऐकताय तसंच ती ते ऐकते. फक्त बोलणारं कुणी नसतं. ही कुणाची करणी नाही, कुणाच्या पापाचं फळ नाही, तुमच्या हातून काही राहिलं असंही नाही."

मी म्हटलं, "मग कशानं झालं?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "जगात अजून कुणालाच नीट माहीत नाही."

आक्का, एवढा शिकलेला माणूस इतक्या सरळ "माहीत नाही" म्हणाला आणि मला पहिल्यांदा धीर आला. का ते सांगता येत नाही.

परदेशात नव्या गोळ्या निघाल्या आहेत, त्या तिला देतात. आधी ती झोपूनच असायची. मग उठली तर पाय ओढत चालायची, तोंड कोरडं पडायचं, हातातला पेला थरथरायचा. मला वाटलं, उरलंसुरलं माणूसही गेलं. दर रविवारी जायचो, व्हरांड्यातल्या बाकावर तिच्या शेजारी बसायचो, यायचो. गेल्या रविवारी तसंच बसलो होतो. तिनं मान वळवली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "मथूच्या दाढा आल्या का हो?"

माझ्या खांद्याच्या मागे बघून नव्हे. मला विचारलं.

मी नुसती मान हलवली. तिनंही हलवली, आणि परत समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत बसली. एवढंच झालं. पण मी तिथून बाहेर पडलो तेव्हा पूल, नदी, रस्त्यावरचे टांगे, सगळं मला नवीन दिसत होतं. माणूस इतकं लांब जातं आणि तिथून वळून बघतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

दाजींनी वकिलांना विचारून कळवलं की नव्या कायद्यानं अशा कारणावरून काही वर्षांनी बायकोपासून सुटका मिळते. दुसऱ्या लग्नासाठी वडूजच्या मुलीबद्दलही तू लिहिलंस. मी हो म्हणत नाही आणि नाही म्हणायचं बळही आज नाही. तिनं पोर का टाकली हे मलाही कळत नाही, आणि तिला विचारायचा धीर होत नाही.

मथूला तुझं अंगडं बरोबर बसलं.

तुझा,
ज्योतीराम


चिंचवडगाव,
रविवार, १५ सप्टेंबर १९५७

ती. आक्का,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर गेलं नाही, याचा राग धरू नकोस. शेवटच्या पत्रात तू लिहिलंस की भुईमूग निघाला की येते आणि मथूला घेऊन जाते, त्या घरात पोर ठेवणं बरं नाही. येण्याआधी हे पत्र पुरतं वाच. दाजींनाही वाचून दाखव.

सुभद्रा ज्येष्ठात घरी आली. मी तुला "बरी होऊन आली" असं लिहिलं होतं. ते अर्धंच खरं होतं. आली तेव्हा मथू तिला बघून गोजाबाईंच्या पदरामागे लपली. सुभद्रा उंबऱ्याशी बसली, पिशवीतून दवाखान्यात शिवलेली चिंध्यांची बाहुली काढली आणि स्वतःच तिच्याशी खेळत बसली. बऱ्याच वेळानं मथू जवळ जाऊन बाहुली घेऊन पळाली. दुसऱ्या दिवशी बाहुली परत द्यायला आली. असं करत करत आई-लेकीची ओळख झाली.

गोळ्या रोजच्या रोज घ्याव्या लागतात. त्यांनी तिला झोप फार येते. अंग सुटलं आहे. ऊन सोसत नाही, चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, म्हणून पाऊस नसला तरी छत्री. हात अजून थोडे थरथरतात, भाकरी थापताना कडा फाटतात. त्या फाटक्या कडांच्या भाकरी मी खातो आणि मला त्या गोड लागतात, तू हसलीस तरी चालेल.

गल्लीतल्या बाया सुरुवातीला विहिरीवर तिला जागा करून द्यायच्या. ती मानाची जागा नव्हती. एक दिवस गोजाबाईंनी घागर खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझ्या भावजयीला फिट येत्यात, तिला कुनी लांब बसवलं न्हाई. हिलाच का? सरका अलीकडं, पानी काय तुमचं हाय?" त्यानंतर थोडं बरं आहे. पण सगळं बरं नाही. शालनबाई म्हणून शेजारी आहेत, त्या अजून आपली मुलं आमच्या दारात येऊ देत नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

घरी आल्यापासून सुभद्रा एकच मागणं मागत होती. "मला त्या फाटकवाल्या बाईकडं न्या." मी टाळत होतो. पावसाचं निमित्त केलं, पाळीचं केलं. मला वाटायचं, कशाला ते दार परत बघायचं? बघून तिचं परत बिघडलं तर? शेवटी गणपती झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही येत नसाल तर मी एकटी जाते." तेव्हा निघालो. मागच्या रविवारी सकाळी. मथू माझ्या खांद्यावर, सुभद्रा छत्री धरून मागे.

फाटक लागलेलं होतं. फाटकवाल्याची बायको, छबूबाई तिचं नाव, हातात हिरवं निशाण घेऊन उभी होती. नवरा आजारी होता म्हणून त्याचं काम करत होती. आम्हाला बघितलं तशी ती चपापली. म्हणाली, "थांबा, गाडी जाऊ द्या." मुंबईची गाडी धडधडत गेली. मथूनं टाळ्या वाजवल्या. मग छबूबाईनं फाटक उघडलं, निशाण गुंडाळलं आणि सुभद्रेच्या अगदी समोर येऊन विचारलं, "बरी हाईस का गं?"

सुभद्रेनं हात जोडले. म्हणाली, "तुम्ही दार उघडलं नाही."

मला वाटलं, झालं, आता भांडण काढते. मी पुढे होणार तेवढ्यात छबूबाई म्हणाली, "तूच सांगितलं हुतंस की."

मला काही कळेना. मी विचारलं, "काय सांगितलं होतं?"

छबूबाई माझ्याकडे वळली. "म्हंजी? तुमाला ठावं न्हाई?"

तिनं आम्हाला खोलीपाशी नेलं. दारावर खडीचे घाव तसेच होते. उंबऱ्यावर बसून तिनं सांगितलं, ते मी तिच्याच शब्दांत लिहितो, कारण माझे शब्द घातले तर तुला वाटेल मी बायकोची बाजू घेतो.

"मी फाटक लावीत हुते. ही नदीकडनं आली, वली चिंब, पोर छातीशी. माझ्याम्होरं हुबी ऱ्हायली न् म्हनाली, 'बाई, तुमाला लेकरं हायती का?' मी म्हनलं, हायती. तशी पोर माझ्या हातात दिली. म्हनाली, 'हिला आत न्या आन् कडी आतनं लावा. हिचा बाप येईस्तवर उघडू नका. मी मागंन, रडंन, शिव्या दीन, दगूड मारीन. तरी बी उघडू नका. माझं ऐकू नका.' मला भ्या वाटलं, दादा. पर तिचं डोळं बघून मी आत गेले न् कडी लावली. जरा येळ ती उंबऱ्यावर गप बसली. मग सुरू झालं. दार मोडतंय का काय! आन् तुमाला सांगते, मधीच थांबायची. फळीच्या फटीला तोंड लावून हळूच इचारायची, 'उघडलं न्हाई ना? बरं केलंत.' आन् लगेच पुन्यांदा दगूड."

मी म्हटलं, "हे तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलं? मला का नाही सांगितलं?"

"मला कुनी इचारलंच न्हाई," ती म्हणाली. "समदी तिला धराय धावली. आन् नंतर सांगून कुनाला खरं वाटलं असतं? माझ्या मालकाला बी वाटलं न्हाई."

आक्का, मी उठलो आणि त्या दारावर हात ठेवला. एका घावात बोटाचं पेर जाईल एवढी खोली आहे. त्या दिवशी मी ह्याच दारापाशी उभा होतो. सगळं गाव बघत होतं, सोनबा बघत होता, मी बघत होतो, आणि जे समोर घडत होतं ते आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही. ती बाई दोन बाजूंनी एकाच वेळी लढत होती. एका हातानं दार फोडत होती आणि त्याच वेळी ते दार फुटू नये म्हणून झटत होती. एवढं बळ मी माणसात बघितलेलं नाही. मला तिच्याकडे बघायची भीती वाटली. वेड्याची वाटते तशी नाही. देवळात गाभाऱ्याशी गेल्यावर छातीत होतं, तसं काहीतरी.

सुभद्रा मात्र रडत होती आणि हसत होती. दाराला हात लावून परत परत म्हणत होती, "आहे. खरंच आहे."

परत येताना आम्ही नदीच्या वाटेनं आलो, तिनंच सांगितलं तिकडून जाऊ म्हणून. पवनेला पाणी होतं. काठावर चिंचेच्या सावलीला बसलो. मथू माझ्या मांडीवर झोपली. मी विचारलं, "इतके महिने मला का सांगितलं नाहीस?"

ती म्हणाली, "मलाच खात्री नव्हती. त्या दिवसातलं काय घडलं आणि काय मी नुसतं ऐकलं, हे मला निवडता येत नव्हतं. मला आठवायचं की मी पोर सांभाळायला दिली. पण सगळे म्हणत होते, टाकली. तुम्ही बोलला नाहीत, पण तुमच्या तोंडावर तेच होतं. मला वाटलं, इतके लोक म्हणतात तर टाकलीच असेल, आणि दुसरं मी मनानं रचलं असेल. म्हणून त्या बाईला बघायचं होतं. ती आहे का. तसं दार आहे का."

मग तिनं नदीचं सांगितलं. मी न विचारता सांगितलं, खालच्या आवाजात, पाण्याकडे बघत.

"आवाज माझ्या आईचा होता. ओरडला असता तर बरं होतं. मायेनं बोलत होता. म्हणत होता, पोरीला घेऊन जाणार आहेत, तिचे हाल करणार आहेत, त्यापेक्षा पाण्यात दे, तिला झोप लागेल. मी कमरेएवढ्या पाण्यात गेले. मथूनं माझं मंगळसूत्र मुठीत धरलं होतं आणि ओढून ओढून हसत होती. आईला 'नाही' म्हणायची माझ्यात ताकद नव्हती. पण 'जरा वेळानं' असं म्हणता आलं. जरा वेळानं देते, आई. तेवढंच जमलं. तेवढ्या वेळात मी वर आले आणि चालायला लागले. ती मागं मागं बोलत होतीच. मी जरा वेळानं, जरा वेळानं म्हणत चालले. फाटक दिसलं, बाई दिसली, दार दिसलं."

मी तिचा हात हातात घेतला.

आता तुला जे कळवायला मला सगळ्यात जड जातं ते. ती बरी झालेली नाही. आवाज गेलेले नाहीत. लांबून येतात, शेजारच्या घरात कुणी बोलावं तसे, असं ती सांगते. काही दिवस येत नाहीत, काही दिवस जवळ येतात. डॉक्टर म्हणाले, कदाचित जन्मभर असतील. कदाचित पुन्हा येरवड्याला ठेवावं लागेल, आणि तसं झालं तर ती हार समजू नका. तिला आता त्या आवाजांची चाल कळते. भाकरी करताना कधी तोंडातल्या तोंडात काही म्हणते. मी विचारलं तर हसून म्हणाली, "त्यांना सांगते, आधी भाकरी होऊ दे, मग बघू." आणि फारच जवळ आले तर मथूला उचलते, गोजाबाईंच्या ओसरीवर नेते आणि म्हणते, "जरा धरा." गोजाबाई "का" विचारत नाहीत. पोर घेतात आणि शेळीकडं जातात. संध्याकाळी कधी सुभद्राच आणायला जाते, कधी मी जातो.

हे सगळं मी तुझ्यापासून लपवलं असतं तर तुला बरं वाटलं असतं आणि मथूला इथे ठेवणं सोपं झालं असतं. पण तू आमची आहेस. आणि ज्या घरात आई स्वतःवर एवढी राखण ठेवते, त्या घरात पोर मोकळी वाढते, हे तुला डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटणार नाही.

वडूजच्या लोकांना नाही कळव. त्यांची मुलगी चांगली असेल, तिचं चांगलं होवो. दाजींना सांग, वकिलांना परत विचारू नका. पुढे कधी माझं मन डळमळलं तर हेच पत्र माझ्यासमोर धर.

मथूला न्यायला येऊ नकोस. राहायला ये. मिरजेच्या गाडीनं पुण्याला उतर, मी स्टेशनावर असेन. सुभद्रेला मी सांगितलंय की आक्का येणार. ती घाबरली आहे. तू रागावशील म्हणून नाही. तू काही न बोलता नुसती बघत बसशील, याची तिला भीती आहे. तेव्हा आल्या आल्या तिला काहीतरी काम सांग. डोक्याला तेल लावून दे म्हण, शेंगा सोलायला घे. बोलता बोलता ती मधेच थांबली आणि कुठेतरी बघत राहिली तर घाबरू नकोस, हाकही मारू नकोस. हातातलं काम चालू ठेव. तिला किती लांबून चालत यावं लागतं ते तुला-मला दिसत नाही. पण ती येते.

सुभद्रेच्या घरातून,
तुझा ज्योतीराम